रूफटॉप एसीचा कीपॅड: सांगलीतल्या एका कापड दालनाच्या प्रकल्प नोंदी

10 फेब्रुवारी 2025

जागा: सांगली, मार्केट यार्डच्या बाजूचं तीन मजली कापड दालन. गच्चीवर दोन रूफटॉप पॅकेज युनिटं (सगळा एसी एकाच पेटीत), प्रत्येकी 11 टन. प्रत्येक युनिटमध्ये आर-410ए या गॅसवर चालणारे दोन स्क्रोल कंप्रेसर, गॅसची दोन स्वतंत्र सर्किटं, 3 हॉर्सपॉवरचा बेल्टवरचा ब्लोअर आणि कंडेन्सरचे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलचे) दोन पंखे. कंट्रोल पॅनलच्या दारावर सहा बटणांचा कीपॅड.

तक्रार अशी: दुपारी वरचा मजला गार होत नाही, सकाळी खाली गारठा, आणि मध्येच कीपॅडवर लाल दिवा. निदान आधीच झालेलं आहे: "कंट्रोलर गेलाय." दहापैकी नऊ ठिकाणी हेच ऐकू येतं. कार्ड, म्हणजे कंट्रोलर, क्वचितच गेलेलं असतं. कार्डाला जे दिसतं ते चुकीचं असतं, नाहीतर कुणीतरी आकडे फिरवून ठेवलेले असतात.

आज एकही बटण बदलासाठी दाबलं नाही. दोन्ही युनिटांचे सगळे स्क्रीन एकामागून एक उघडून मोबाईलवर फोटो काढले. सेटिंगचा मेनू, सर्व्हिसचा मेनू, इनपुट-आउटपुट, अलार्म हिस्टरी, सगळं. हिस्टरी पहिली काढायची, कारण तिच्यात ठरावीकच नोंदी मावतात. नवी आली की जुनी पुसली जाते. आलेला माणूस आधी चार वेळा रीसेट मारतो आणि मग विचारतो की काय झालं होतं.

युनिट 1 च्या हिस्टरीत हाय प्रेशरच्या नोंदी गेल्या वर्षीच्या एप्रिल-मे मधल्या, बहुतेक दुपारी 3 ते 5 दरम्यानच्या. युनिट 2 मध्ये सप्लाय एअर (दालनात सोडली जाणारी हवा) कमी तापमानाच्या नोंदींची रांग. दोन युनिटांचे दुखणे वेगळे आहेत, हे इथंच कळलं.

12 फेब्रुवारी

पोरांसाठी कीपॅडची ओळख लिहून ठेवतो, कारण हेच सगळ्यात जास्त चुकतं.

डावीकडे वरून खाली अलार्म, प्रोग्राम, एस्केप. उजवीकडे वर, एंटर, खाली. मुख्य स्क्रीनवर रिटर्न (दालनातून परत येणाऱ्या) हवेचं तापमान, सेट पॉइंट म्हणजे हवं ते तापमान, आणि युनिटची अवस्था दिसते. वर-खाली बटणांनी नुसते स्क्रीन पलटतात, काही बदलत नाही, त्यामुळे बघायला घाबरायचं कारण नाही. बदलायचं असेल तर एंटर दाबायचा. कर्सर आकड्यावर येतो आणि आकडा लुकलुकतो. वर-खालीने आकडा बदलायचा आणि पुन्हा एंटर. हा दुसरा एंटर राहिला तर बदल साठवला जात नाही. एस्केप दाबला किंवा पाच मिनिटं हात लावला नाही, तर कीपॅड मुख्य स्क्रीनवर परततो आणि जुना आकडा कायम राहतो. "मी 24 केलं होतं, आपोआप 18 झालं" ही तक्रार जवळपास नेहमी या दुसऱ्या एंटरची असते.

पासवर्डच्या तीन पातळ्या. वापरणाऱ्यासाठी सेट पॉइंट आणि वेळापत्रक. सर्व्हिससाठी बँड (सेट पॉइंटच्या वर किती अंशांत कंप्रेसर लागायचे-थांबायचे तो पट्टा), वेळा, सेन्सरची दुरुस्ती, हाताने आउटपुट चालवणं. तिसरी कारखान्याची: त्यात कंप्रेसर किती, सर्किटं किती, सेन्सर कुठल्या जातीचा, हे असतं. तिसऱ्या पातळीत एक आकडा चुकला तर युनिट स्वतःला दुसरंच युनिट समजतं. तिथं फोटोशिवाय शिरायचं नाही.

बटणं बोटाच्या पेऱ्याने दाबावीत. टेस्टरच्या टोकाने दाबून युनिट 1 च्या खालच्या बटणाचं प्लॅस्टिक चिरलं आहे. पावसाळ्यात तिथूनच पाणी शिरेल. तात्पुरती पारदर्शक चिकटपट्टी लावली, नवा कीपॅड मागवला.

13 फेब्रुवारी

इनपुटची तपासणी. मेनूत इनपुटचा स्क्रीन उघडून ठेवायचा, एकाने एकेक सेफ्टीची (धोका दिसला की युनिट थांबवणाऱ्या स्विचची) वायर टर्मिनलवरून काढायची, दुसऱ्याने स्क्रीनवर "क्लोज" चं "ओपन" होतं का ते बघायचं. कंट्रोलची लाइन 24 व्होल्टची असली तरी शेजारी 415 व्होल्टचे बसबार (वीज वाहणाऱ्या पट्ट्या) आहेत, त्यामुळे वायर काढताना आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद. मग कंट्रोल ट्रान्सफॉर्मरपुरता पुरवठा चालू करून स्क्रीन बघायचा.

युनिट 1: सगळे इनपुट बरोबर.

युनिट 2: फेज मॉनिटरची (तीन फेज आणि त्यांचा क्रम बघणाऱ्या उपकरणाची) वायर काढली तरी स्क्रीनवर "क्लोज" तसंच. टर्मिनल पट्टीच्या मागच्या बाजूला एक इंचभर तांबडी वायर, दोन टोकांना जोडलेली. म्हणजे फेज मॉनिटर दिवा दाखवतो, पण कंट्रोलरला त्याचं काहीच कळत नाही. वायर काढली. कुठलीही सेफ्टी "थोड्या वेळापुरती" शॉर्ट केली की ती तशीच वर्षानुवर्षं राहते, कारण युनिट चालतंय म्हटल्यावर पुन्हा कोण बघतो.

14 फेब्रुवारी

आकडे. युनिट 2 वर सेट पॉइंट 18, बँड 0.5, कंप्रेसरची किमान बंद वेळ 60 सेकंद. कुणीतरी "जास्त गार" करण्यासाठी केलेलं. 18 ठेवल्याने हवा लवकर गार होत नाही. कंप्रेसर तेवढ्याच ताकदीने चालतो, फक्त थांबायचं ठिकाण लांब जातं. घरगुती एसीलाही 2020 पासून 24 हाच डीफॉल्ट आहे, दालनात वेगळं काही लागत नाही.

दोन्ही युनिटांवर आता:

सेट पॉइंट 24, बँड 2. पहिला कंप्रेसर 25 ला लागतो, 24 ला थांबतो. दुसरा 26 ला लागतो, 25 ला थांबतो. बँड अर्धा अंश ठेवला की गिऱ्हाइकाने दार उघडलं तरी दुसरा कंप्रेसर उठतो आणि लगेच बसतो.

किमान बंद वेळ 180 सेकंद, किमान चालू वेळ 180 सेकंद, एकाच कंप्रेसरच्या दोन स्टार्टमध्ये 360 सेकंद. म्हणजे तासाला जास्तीत जास्त 10 स्टार्ट. कंप्रेसर थोडाच वेळ चालून थांबत राहिला तर गॅसबरोबर बाहेर गेलेलं तेल परत यायला वेळ मिळत नाही, आणि चालू होतानाचा मोठा करंट वाइंडिंग तापवतो.

कंप्रेसर रोटेशन (कुठला आधी लागेल ते आलटून-पालटून) चालू केलं. युनिट 2 वर ते बंद होतं. पहिल्या कंप्रेसरचे तास दुसऱ्याच्या जवळपास तिप्पट दिसतात.

बदल एका वेळी एकच, आणि प्रत्येक बदलानंतर किमान एक पूर्ण फेरी बघायची. पाच आकडे एकदम फिरवले तर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही.

18 फेब्रुवारी

वॉचमन मामा रात्री 9 ला गच्चीवरचे दोन्ही आयसोलेटर पाडतात. वीज वाचते या समजुतीने. हे बंद करायला सांगितलं.

कंप्रेसरच्या बुडाला 70 वॉटचा क्रँककेस हीटर आहे. कंप्रेसर थांबला की तो लागतो आणि तेल कोमट ठेवतो. मेन पाडला तर हीटरही गेला. रात्रीच्या गारव्यात गॅस तेलात विरघळतो, सकाळी कंप्रेसर उठताना प्रेशर पडतं आणि तेल फेसाळून बाहेर निघतं. बेअरिंगला तेलाऐवजी फेस मिळतो. चार हीटर मिळून 280 वॉट, 12 तासांचे साधारण 3.4 युनिट वीज. एका कंप्रेसरच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

बंद करायचं ते कीपॅडवरून किंवा वेळापत्रकाने. मेन मोठ्या दुरुस्तीसाठी पाडलाच, तर पुन्हा दिल्यावर 24 तास युनिट स्टँडबायला ठेवायचं, मगच चालू करायचं. निदान बारा तास तरी.

25 फेब्रुवारी

युनिट 2 च्या "सप्लाय एअर कमी" अलार्मचं मूळ सापडलं. ही नोंद सविस्तर, कारण हा घोटाळा मल्टिमीटरने वरवर बघितला तर दिसतच नाही.

सप्लाय डक्टमधला सेन्सर कधीतरी बदललेला आहे. तो 10 किलो-ओहमचा एनटीसी (तापमान वाढलं की रेझिस्टन्स कमी होणारा सेन्सर) आहे, मूळचाही 10 किलो-ओहमचाच. दुकानात "दहा के चा सेन्सर" मागितला की मिळतो तो हाच. पण 10 किलो-ओहम हा आकडा फक्त 25 अंशांना. त्याच्या वर-खाली रेझिस्टन्स किती वेगाने बदलतो ते बीटा ठरवतो. कंट्रोलरला 3435 बीटाचा सेन्सर अपेक्षित आहे, बसवलेला निघाला 3950 चा.

परिणाम असा. खोलीत, 24-25 अंशांना, दोन्ही बरोबर दाखवतात, म्हणून बदलणाऱ्याला शंका येत नाही. डक्टमध्ये खरी हवा 13 अंश असताना या सेन्सरवर कंट्रोलर साधारण 11.3 वाचतो. सप्लाय हवेची खालची मर्यादा 10 वर आहे. हवा खरोखर 11.9 ला आली की कंट्रोलरला 10 दिसतात आणि तो दुसरा कंप्रेसर पाडतो. दुपारी भार असताना असं दर थोड्या वेळाने होत राहतं. वरचा मजला गार न होण्याचं कारण हे.

तपासायचं कसं: थर्मासमध्ये कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी, सेन्सर टर्मिनलवरून सोडवून त्यात दहा मिनिटं, ढवळत. 3435 चा सेन्सर 27 किलो-ओहमच्या आसपास दाखवतो, 3950 चा 33 च्या आसपास. इथं 33 च्या बाजूचा आकडा आला.

सर्व्हिस मेनूतल्या सेन्सर-दुरुस्तीत प्लस 1.7 टाकून हे "बरं" करता येतं असं वाटतं. करू नये. दुरुस्ती सगळ्या तापमानांना सारखी मिळते, चूक मात्र तापमानाप्रमाणे बदलते. 13 ला बरोबर केलं की 25 ला पावणेदोन अंश जास्त दाखवेल. सेन्सरच बदलला. जुना पॅनलमध्ये ठेवला नाही, नाहीतर कुणीतरी परत लावेल. बाहेरच्या हवेचा सेन्सरही तपासला, तो मूळचाच आहे. तिथं 3950 चा असता तर 40 अंशांना 42.4 दिसले असते.

6 मार्च

रिमोट कीपॅड पहिल्या मजल्यावर, काउंटरच्या मागच्या खोलीत. मॅनेजर साहेबांना तो तळमजल्यावर, मेन पॅनलशेजारी हवा होता. 2005, 2019 आणि 2021 चे पूर बघितलेल्या गावात खाली नवं काही लावू नये. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट, त्यापुढं पाणी कुठल्या गल्लीत शिरेल ते आपण ठरवत नाही.

सहा तारांची टेलिफोन केबल, 32 मीटर. कंपनीची मर्यादा 50 मीटर आहे. ब्लोअर आणि कंप्रेसरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये टाकली नाही, वेगळा 20 मिलिमीटर पाइप. जिथं ओलांडावीच लागली तिथं काटकोनात.

जोडल्यावर स्क्रीनवर "नो लिंक". दोन्ही युनिटांच्या कार्डांचा पत्ता कारखान्यातून 1 आहे. एकाच लाइनवर दोन एकसारखे पत्ते आले की कीपॅडला कुणाशी बोलायचं ते कळत नाही. युनिट 2 चा पत्ता 2 केला, पुरवठा बंद-चालू केला, कीपॅडच्या यादीत दोन्ही टाकले. आता एकाच कीपॅडवरून दोन्ही दिसतात. कुठलं युनिट उघडलंय ते वरच्या कोपऱ्यातल्या आकड्यावरून बघायची सवय लावली पाहिजे. 1 समजून 2 बंद केलं जाणं हा इथला नवा धोका आहे.

20 मार्च

फिल्टरचा अलार्म, दोन्हीवर. 610 बाय 610 बाय 50 मिलिमीटरचे फिल्टर पिवळेजर्द. हळदीचा हंगाम, यार्डातली धूळ सरळ रिटर्न आणि ताज्या हवेच्या जाळीत येते. प्रेशर स्विच 125 पास्कलवर लावलेला आहे, तो बरोबर. हा अलार्म युनिट थांबवत नाही, म्हणून दुर्लक्षित राहतो. मग हवा कमी, कॉइल गारठते, सक्शन (कंप्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं प्रेशर) पडतं आणि 54 पीएसआयला लो प्रेशर स्विच उघडतो. तेव्हा कुणीतरी "गॅस कमी" म्हणून सिलिंडर लावतो. आधी फिल्टर, मग बेल्ट, मग गेज.

फेब्रुवारी ते मे दर 15 दिवसांनी फिल्टर धुणे, एरवी महिन्याने. एक जोड सुका तयार ठेवावा. ओला फिल्टर परत बसवला की हळद त्यावर लेप होऊन बसते.

29 मार्च

उद्या पाडवा, दालन सकाळी 8 ला उघडणार. वेळापत्रकात सुट्टीसाठी वेगळी तारीख टाकायची सोय आहे, ती वापरली: 7:15 ला सुरू. रोजचं 9:30 ते 21:00.

घड्याळ बघितलं तर युनिट 1 चार तास मागे. कार्डावरची नाण्याच्या आकाराची लिथियम बॅटरी संपली आहे. रोज रात्री मेन पाडल्याने ती कार्ड बंद असतानाच्या घड्याळावर खर्च झाली. बदलली. वेळ टाकताना वारही तपासा. या कंट्रोलरवर 1 म्हणजे सोमवार. रविवार 1 समजून टाकलं तर साप्ताहिक सुट्टी एका दिवसाने सरकते.

17 एप्रिल

दुपारी 3:40. युनिट 1, सर्किट 1, हाय प्रेशर. कंप्रेसर लॉक, लाल दिवा. काउंटरवरून रीसेट मारून चालू केलं गेलं, वीस मिनिटांत परत पडलं. मग फोन.

हाय प्रेशर स्विच 630 पीएसआयला उघडतो, 505 ला परत मिटतो. मिटला तरी कंट्रोलर स्वतःहून कंप्रेसर सोडत नाही, हाताने रीसेट मागतो. तसं मुद्दाम ठेवलेलं आहे, कुणीतरी येऊन बघावं म्हणून. 630 पीएसआय म्हणजे कंडेन्सर जवळपास 67 अंशांवर. आर-410ए ची क्रिटिकल मर्यादा (जिच्यावर गॅसचा द्रव होतच नाही) 71 अंशांच्या आसपास, म्हणजे फार जागा उरलेली नाही.

गच्चीवर गेल्यावर कारण समोरच होतं. अक्षय तृतीयेच्या सेलचा फ्लेक्स. रस्त्याच्या बाजूच्या कठड्यावर बारा फूट उंच सांगाडा, युनिट 1 च्या कंडेन्सरपासून दोन फुटांवर. वरच्या पंख्यांनी फेकलेली गरम हवा फ्लेक्सवर आपटून खाली, आणि परत कॉइलमध्ये. सावलीत बाहेरची हवा 38, कॉइलच्या तोंडाशी 47. गेजवर 590 आणि चढता.

कीपॅडवर बाहेरच्या हवेचा सेन्सरही 46 दाखवत होता. तो युनिटच्या त्याच बाजूला आहे. हा आकडा गावच्या तापमानाशी जुळत नसेल तर आधी सेन्सरवर संशय येतो. इथं सेन्सर खरं सांगत होता.

फ्लेक्स जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर हलवला. मालकांना पटवायला थोडा वेळ गेला, जागा दर्शनी होती. कॉइल धुतली: पाण्याचा साधा पाइप, आतून बाहेर, म्हणजे हवेच्या उलट दिशेने. गाड्या धुवायचा प्रेशर पंप नको, फिन्स आडव्या होतात आणि मग कितीही धुवा, हवा जात नाही.

संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, 3:45 ला परत मोजलं: कॉइलच्या तोंडाशी 39, हाय साइड 447 पीएसआय म्हणजे 52 अंश, सक्शन 130. हवा आणि कंडेन्सर यांत फरक 13 अंशांचा, योग्य.

रीसेटची पद्धत लिहून दोन्ही कीपॅडशेजारी चिकटवली. अलार्म बटण एकदा दाबून नाव वाचायचं. वहीत वेळ आणि बाहेरचं तापमान लिहायचं. पंखे फिरतात का ते बघायचं. मग अलार्म बटण तीन सेकंद दाबून धरायचं. कंप्रेसर लगेच लागणार नाही, तीन मिनिटं जातील, तोवर परत परत दाबू नये. एका दिवसात दुसऱ्यांदा पडलं तर रीसेट न मारता फोन.

3 मे

रात्री ट्रान्सफॉर्मरचं काम झालं. सकाळी दोन्ही युनिटं बंद, स्क्रीनवर "फेज". मॉनिटरचा फेज-क्रमाचा दिवा लाल. पुरवठ्याचे दोन फेज उलटलेत.

फेब्रुवारीतली ती तांबडी वायर अजून तिथं असती, तर युनिट 2 आज उलटं चाललं असतं. स्क्रोल उलटा फिरला की खडखड आवाज करतो, करंट कमी घेतो, दोन्ही गेजवर प्रेशर जवळजवळ सारखं राहतं, आणि काही मिनिटांत आतला ओव्हरलोड पाडतो. ब्लोअर त्याहून फसवा: सेंट्रीफ्यूगल पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूने येते, फक्त खूप कमी. ग्रिलखाली हात धरणाऱ्याला वाटतं, चालू आहे.

गच्चीकडे जाणाऱ्या मुख्य आयसोलेटरवर, खालचा पुरवठा बंद करून, कुलूप आणि पाटी लावून, दोन वायरी अदलाबदल केल्या. कंप्रेसरच्या टर्मिनलवर कधीच करायचं नाही, नाहीतर एक सरळ आणि बाकी उलटे राहतात. लिफ्ट आणि पाण्याचा पंपही याच पुरवठ्यावर, तेही बघायला सांगितलं.

23 मे

यंदा मे मध्येच पाऊस. युनिट 2 खालच्या छतातून पाणी. ड्रेनचा ट्रॅप (पाणी भरून राहणारा पाइपचा बाक) उन्हाळ्यात साफ करून कोरडाच बसवला गेला होता. ब्लोअर पाणी ओढून धरतो, ट्रेमध्ये साठतं, ब्लोअर थांबला की सगळं एकदम सुटतं. ट्रॅपमध्ये पाणी भरलं. ट्रेजवळ उणे 250 पास्कल असेल तर 25 मिलिमीटर पाण्याचा स्तंभ तिथंच अडतो, त्यामुळे ट्रॅपची उतरण त्याहून जास्तच हवी. इथं 75 ठेवली.

पंख्याची सेटिंग "सतत" वर आहे. ओलसर दिवसांत कंप्रेसर थांबल्यावर ओल्या कॉइलवरून पंखा वाहत राहतो आणि काढलेलं पाणी परत दालनात नेतो. कापडाला तो दमटपणा चालत नाही. गर्दी असेपर्यंत ताज्या हवेसाठी सतत, दुपारी 2 ते 4 ऑटो, असं वेळापत्रकात विभागलं.

कीपॅडच्या दाराचं रबर युनिट 1 वर बदललं, नवा कीपॅड बसवला.

10 जून

हस्तांतर. दालनाकडे फक्त पहिला पासवर्ड. सेट पॉइंट 23 ते 26 च्या बाहेर जाणार नाही अशी मर्यादा सर्व्हिस मेनूत टाकली. 18 चा प्रश्न आता उद्भवत नाही. सगळ्या आकड्यांचा छापील कागद, आधीचे आणि आताचे, प्लॅस्टिकमध्ये घालून दोन्ही पॅनलच्या दाराच्या आत.

राहिलेलं: युनिट 2 चा ब्लोअर बेल्ट. 500 मिलिमीटरच्या अंतरावर मध्ये दाबला तर 8 मिलिमीटर जायला हवा, 14 जातो, कडाही झिजल्या. पुली एका रेषेत आहेत. नवा बेल्ट आला की बसवणे, 24 तास चालल्यावर ताण परत बघणे. मॉडबसवर (कंट्रोलरांनी एका लाइनवर माहिती देण्या-घेण्याच्या पद्धतीवर) दोन्ही युनिटं जोडायची मागणी आली आहे. त्यासाठी शील्ड असलेली वेगळी केबल, टोकाला 120 ओहम, शील्डचं अर्थिंग एकाच बाजूला. टेलिफोनच्या केबलमधल्या रिकाम्या तारा त्यासाठी वापरायच्या नाहीत.